सिंगापूरमधील कंपनीचा २०२५ चा आयकर: करमाफी आणि रिबेट धरून अंदाज कसा काढावा?

निशिगंध (३ मार्च २०२५)

नमस्कार. सिंगापूरमध्ये आमची सॉफ्टवेअर सेवा देणारी एक छोटी खासगी मर्यादित कंपनी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिची नोंदणी झाली. पहिले हिशेब आम्ही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांचे, केले आणि दुसरे वर्ष ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपले. ४० टक्के भाग (शेअर) माझ्या नावावर, ३० टक्के यजमानांच्या नावावर आणि उरलेले ३० टक्के पुण्यातील आमच्या घरच्या कंपनीच्या नावावर आहेत. आम्ही दोघेही संचालक आहोत आणि दोघेही इथले कायम रहिवासी आहोत. नोकरीवर तीन जण आहेत. त्यांपैकी दोघे भारतातून कामाच्या परवान्यावर आलेले आहेत आणि एक जण इथला कायम रहिवासी असून त्याचा सीपीएफ, म्हणजे इथला सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी, आम्ही नियमित भरतो.

२०२४ ची उलाढाल ६,१२,००० सिंगापूर डॉलर आणि हिशेबाप्रमाणे करपूर्व नफा २,१८,४०० डॉलर आहे. अंदाजित करपात्र उत्पन्नाचे विवरण, ज्याला इथे सगळे इसीआय म्हणतात, ते या महिनाअखेरीपर्यंत द्यायचे आहे, आणि नेमके इथेच माझे अडले आहे. मी गणित असे मांडले: नव्या कंपन्यांना मिळणारी १,२५,००० डॉलरची करमाफी वजा केली की ९३,४०० उरतात, त्यावर १७ टक्क्यांनी १५,८७८ डॉलर कर होतो, आणि १८ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला ५० टक्के रिबेट, म्हणजे करातच मिळणारी सूट, धरला की ७,९३९ डॉलर भरावे लागतात. आमचे एक परिचित मात्र म्हणतात की पूर्ण नफ्यावर १७ टक्क्यांनी ३७,१२८ डॉलर कर होतो आणि रिबेट ४०,००० डॉलर असल्यामुळे काहीच भरावे लागणार नाही.

यातले बरोबर कोणते? इसीआयमध्ये २,१८,४०० लिहायचे की ९३,४००? भागधारकांमध्ये एक कंपनी असल्यामुळे नव्या कंपनीची करमाफी नाकारली जाईल का? आणखी एक बाब म्हणजे पुण्याच्या एका ग्राहकाने आमच्या ४०,००० डॉलरच्या बिलातून १० टक्के टीडीएस कापला आहे. तो इथल्या करातून वळता करता येतो का?

खतावणी (३ मार्च २०२५)

नमस्कार निशिगंध. मी सिंगापूरमध्ये हिशेब आणि कर यांचेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या परिचितांचे गणित प्रथम बाजूला ठेवू. ४०,००० डॉलर ही रिबेटची रक्कम नसून कमाल मर्यादा आहे. रिबेट म्हणजे देय कराच्या ५० टक्के, आणि रिबेट व त्यासोबत पात्र कंपन्यांना मिळणारे रोख अनुदान मिळून एका कंपनीला ४०,००० डॉलरपेक्षा अधिक लाभ मिळत नाही. ही मर्यादा गाठण्यासाठी कंपनीचा कर ८०,००० डॉलर असावा लागतो, म्हणजेच नव्या कंपनीची करमाफी मिळत असेल तर करपात्र उत्पन्न सुमारे ५,९५,६०० डॉलर असावे लागते. तुमच्या आकाराच्या कंपनीला या मर्यादेचा विचार करण्याचे कारणच पडत नाही.

तुम्ही मांडलेला क्रम योग्य आहे. करमाफी उत्पन्नातून वजा होते आणि रिबेट करातून. मात्र तुम्ही हिशेबातील नफ्यालाच करपात्र उत्पन्न धरले आहे, आणि या दोन रकमा क्वचितच सारख्या असतात. नफ्यापासून करपात्र उत्पन्नापर्यंत येताना कोणते खर्च परत मिळवायचे (म्हणजे नफ्यात पुन्हा जोडायचे) आणि कोणते भत्ते वजा करायचे, यावर सगळा अंदाज अवलंबून असतो. त्यामुळे कृपया पुढील गोष्टी कळवा: हिशेबात घसारा किती दाखवला आहे, कंपनीच्या नावावर मोटार आहे का, एखादा दंड भरला आहे का, २०२४ मध्ये संगणक किंवा अन्य यंत्रसामग्री घेतली आहे का, मान्यताप्राप्त संस्थेला देणगी दिली आहे का, आणि गेल्या वर्षी शासनाकडून जमा झालेले २,००० डॉलरचे रोख अनुदान इतर उत्पन्नात धरले आहे का.

भागधारकांविषयीची तुमची शंका लगेच मिटवता येईल. नव्या कंपनीच्या करमाफीसाठी कंपनीची नोंदणी सिंगापूरमध्ये झालेली असावी लागते, त्या कर निर्धारण वर्षासाठी (म्हणजे आधीच्या काळातील उत्पन्नावर ज्या वर्षी कर आकारला जातो त्यासाठी) ती सिंगापूरची कर-रहिवासी असावी लागते आणि संपूर्ण आधारकाळात (ज्या काळातील उत्पन्नावर तो कर बसतो त्या काळात) तिचे भागधारक वीसपेक्षा अधिक नसावे लागतात. हे सर्व भागधारक व्यक्ती असावेत किंवा किमान एका व्यक्तीकडे सामान्य भागांपैकी (ऑर्डिनरी शेअर) १० टक्के तरी असावेत. तुमच्याकडे ४० टक्के आहेत, म्हणून पुण्यातील कंपनी भागधारक असल्याने काही बिघडत नाही. केवळ गुंतवणूक धारण करणाऱ्या आणि मालमत्ता विकसित करणाऱ्या कंपन्यांना ही करमाफी मिळत नाही. सॉफ्टवेअर सेवा त्यात मोडत नाही.

तुमच्या पहिल्या परिच्छेदातील एका वाक्याकडे मात्र लक्ष वेधतो, कारण अनेक नव्या कंपन्या नेमक्या इथेच फसतात. तुम्ही २०२४ ला 'दुसरे वर्ष' म्हटले आहे. हिशेबांच्या दृष्टीने ते खरे आहे, पण कराच्या दृष्टीने ते तिसरे आहे. नव्या कंपनीची करमाफी पहिल्या सलग तीन कर निर्धारण वर्षांपुरती असते, आणि कंपनीची नोंदणी ज्या आधारकाळात झाली त्या आधारकाळाचे कर निर्धारण वर्ष हे पहिले वर्ष धरले जाते. पहिले हिशेब बारा महिन्यांहून अधिक काळाचे असतील तर त्यांची विभागणी दोन कर निर्धारण वर्षांत होते. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ चे दोन महिने २०२३ च्या कर निर्धारण वर्षात गेले, २०२३ चे बारा महिने २०२४ मध्ये आले आणि आताचे २०२५ हे तुमचे तिसरे व अखेरचे वर्ष ठरले. त्या पहिल्या दोन महिन्यांत एक डॉलरही उत्पन्न झाले नसले तरी ते वर्ष मोजले जाते. पहिले हिशेब ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी बंद केले असते तर २०२४, २०२५ आणि २०२६ अशी तीन पूर्ण वर्षे पदरात पडली असती. आता त्यात बदल होणार नाही, परंतु कंपनी काढण्याच्या विचारात असलेल्या वाचकांनी वर्षअखेर ठरवण्यापूर्वी याचा विचार करावा. सर्वांचे वर्ष डिसेंबरला संपते म्हणून आपलेही डिसेंबरलाच संपवायचे, या सवयीला करकायद्याचा काहीही आधार नाही. २०२३ च्या कर निर्धारण वर्षाचे विवरण स्वतंत्रपणे दिले गेले होते का, हेही एकदा तपासून पाहा.

निशिगंध (४ मार्च २०२५)

खतावणी, इतक्या तपशिलाने उत्तर दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. २०२३ चे विवरण आमच्या तेव्हाच्या हिशेबनिसांनी दिले होते. ते आज काढून पाहिले, त्यात उत्पन्न शून्य दाखवले आहे.

तुम्ही विचारलेली माहिती अशी आहे. हिशेबात घसारा ९,६०० डॉलर आहे. कंपनीच्या नावावर एक साधी खासगी मोटार भाड्याने घेतली आहे. तिचे भाडे, इंधन आणि पार्किंग मिळून ११,२०० डॉलर खर्ची पडले आहेत. वार्षिक विवरण उशिरा दिल्याबद्दल कंपनी निबंधकांकडे ३०० डॉलर दंड भरला. २०२४ मध्ये प्रत्येकी २,८०० डॉलरचे सहा लॅपटॉप घेतले, म्हणजे एकूण १६,८०० डॉलर. त्याआधीच्या संगणकांची पूर्ण वजावट मागच्या वर्षीच घेतली होती. एका मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेला २,००० डॉलर देणगी दिली, ती खर्चात धरली आहे. शासनाचे २,००० डॉलर 'इतर उत्पन्न' या सदरात आहेत. मोटार केवळ ग्राहकांकडे जाण्यासाठीच वापरली जाते आणि तशी नोंदवही आम्ही ठेवली आहे, त्यामुळे तो खर्च मान्य होईल असे मला वाटते.

खतावणी (४ मार्च २०२५)

मोटारीचा खर्च मान्य होणार नाही. भारतातून आलेल्या उद्योजकांना हे पटवून देणे कठीण जाते, कारण तिथे धंद्यासाठी वापरलेल्या मोटारीचा खर्च वजा करता येतो. सिंगापूरमध्ये एस अक्षराने सुरू होणारी नोंदणी असलेल्या खासगी मोटारीचा खर्च, ती मोटार शंभर टक्के कामासाठी वापरली तरी, वजा होत नाही. मग ती मोटार विकत घेतलेली असो वा भाड्याची, आणि नोंदवही कितीही चोख असो. कामासाठी टॅक्सी, मेट्रो किंवा बस वापरली तर तो खर्च मात्र मान्य होतो, आणि माल वाहणाऱ्या व्हॅनचाही होतो. हे धोरण रस्त्यावरील खासगी वाहने मर्यादित ठेवण्याच्या सिंगापूरच्या एकूण भूमिकेशी जुळणारे आहे, आणि त्याबाबत महसूल विभाग, म्हणजे आयरास, तडजोड करत नाही.

आता गणित मांडू. करपूर्व नफा २,१८,४००. त्यात घसारा ९,६०० परत मिळवायचा, कारण करासाठी घसाऱ्याऐवजी भांडवली भत्ता, म्हणजे यंत्रसामग्रीच्या किमतीची वजावट, मिळतो. मोटारीचे ११,२००, दंडाचे ३०० आणि देणगीचे २,००० हेही परत मिळवायचे. बेरीज होते २,४१,५००. यातून शासनाचे २,००० वजा करायचे, कारण ते रोख अनुदान करपात्र नाही, उरले २,३९,५००. लॅपटॉपची पूर्ण किंमत एकाच वर्षात वजा करण्याची मुभा आहे, म्हणून १६,८०० वजा केले की २,२२,७०० राहतात. देणगी खर्च म्हणून आधी परत मिळवली असली तरी मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीची अडीचपट वजावट मिळते, म्हणजे ५,००० डॉलर. अखेरीस करपात्र उत्पन्न २,१७,७०० डॉलर ठरते.

हा आकडा तुमच्या हिशेबातील नफ्यापेक्षा फक्त ७०० डॉलरने कमी आहे, परंतु त्यावरून नफा आणि करपात्र उत्पन्न सारखेच असतात असा निष्कर्ष काढू नका. तुमच्या बाबतीत परत मिळवलेल्या आणि वजा केलेल्या रकमा योगायोगाने एकमेकींना छेद देतात; लॅपटॉप घेतले नसते आणि घसारा तेवढाच असता, तर करपात्र उत्पन्न २,३४,५०० डॉलर झाले असते.

यावर नव्या कंपनीची करमाफी अशी बसते: पहिल्या १,००,००० डॉलरच्या ७५ टक्के आणि पुढील १,००,००० डॉलरच्या ५० टक्के, म्हणजे ७५,००० अधिक ५०,००० मिळून १,२५,०००. उरलेल्या ९२,७०० डॉलरवर १७ टक्क्यांनी कर १५,७५९ डॉलर होतो.

रिबेटच्या बाबतीत तुमच्या गणितात एक गोष्ट राहिली आहे. २०२४ या कॅलेंडर वर्षात किमान एका स्थानिक कर्मचाऱ्याचा सीपीएफ भरलेला असेल तर कंपनीला २,००० डॉलर रोख अनुदान मिळते आणि रिबेट तेवढ्या रकमेने कमी होतो. स्थानिक म्हणजे सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी. मात्र जो संचालक स्वतः भागधारकही आहे तो यात धरला जात नाही. म्हणून तुम्ही दोघे कायम रहिवासी असूनही मोजले जाणार नाही, पण तुमच्या कर्मचाऱ्यामुळे अट पूर्ण होते. कराच्या ५० टक्के म्हणजे ७,८७९.५० डॉलर, त्यातील २,००० रोख मिळतील आणि ५,८७९.५० करातून कमी होतील. करआकारणीच्या नोटिशीवर ९,८७९.५० डॉलर देय दिसतील. हा आकडा पाहून घाबरू नका: हाती आलेले २,००० धरले की निव्वळ भार ७,८७९.५० डॉलरच राहतो. रोकडीचे नियोजन करताना मात्र ९,८७९.५० हीच रक्कम धरा, कारण अनुदान या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीपासून वितरित होणार आहे आणि ते नेमके तुमच्या हप्त्यांच्या वेळेवर जमा होईल असे गृहीत धरू नये.

इसीआयमध्ये २,१७,७०० लिहा. तिथे करमाफीपूर्वीचे उत्पन्न अपेक्षित असते. ९२,७०० लिहिले तर आयरास त्यावर पुन्हा करमाफी लावेल, कर चुकून पाव भागावर येईल आणि नोव्हेंबरमध्ये अंतिम विवरण दिल्यावर फरकाची रक्कम एकदम भरावी लागेल. रिबेटही तुम्ही स्वतः वजा करायचा नाही आणि त्यासाठी अर्जही करायचा नाही. तो आपोआप लागू होतो. उलाढाल ५० लाख डॉलरपेक्षा कमी असलेल्या कंपन्यांना इसीआय द्यावे लागत नाही असे अनेकदा ऐकू येते, परंतु त्या नियमात दोन अटी आहेत: उलाढाल ५० लाखांपेक्षा अधिक नसावी आणि अंदाजित करपात्र उत्पन्न शून्य असावे. हे शून्य करमाफीच्या आधीचे असावे लागते. त्यामुळे तुम्हाला ही सूट लागू नाही.

बुकितकर (४ मार्च २०२५)

खतावणी यांनी सर्व काही स्पष्ट केलेच आहे. व्यवसाय चालवणाऱ्याच्या दृष्टीने दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट हप्त्यांची. बँकेतून परस्पर वळते होणारे जायरो तुम्ही लावलेले असेल तर वर्षअखेरीपासून पहिल्या महिन्यात इसीआय दिल्यास दहा, दुसऱ्या महिन्यात दिल्यास आठ आणि तिसऱ्या महिन्यात दिल्यास सहा बिनव्याजी हप्ते मिळतात. त्या-त्या महिन्याची २६ तारीख ही त्यासाठीची अखेरची तारीख असते. तुमच्या हाती आता सहाच हप्ते उरले आहेत, आणि तेही २६ मार्चपर्यंत विवरण दिले तर. ३१ मार्च ही मुदतीची तारीख आहे, हप्त्यांची नव्हे. तीस तारखेला विवरण देऊन नंतर हप्ते का मिळाले नाहीत असे विचारणारे दरवर्षी भेटतात. साधारण ९,८८० डॉलरचे सहा भाग केले तर दरमहा सुमारे १,६५० डॉलर होतात, जे तुमच्या आकाराच्या कंपनीला एकरकमी भरण्यापेक्षा नक्कीच सोयीचे आहे. डिसेंबरचे हिशेब जानेवारीत पूर्ण होत नाहीत हे खरे आहे, पण हे विवरण अंदाजाचेच आहे, लेखापरीक्षित आकड्यांचे नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी जानेवारीतच देता येते का ते पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे मुदत चुकल्यास होणारा त्रास. मुदत गेली की आयरास स्वतःच्या अंदाजाने उत्पन्न ठरवून नोटीस पाठवू शकते, आणि तो अंदाज आपल्या सोयीचा असेलच असे नाही. आक्षेप घेण्यासाठी नोटिशीच्या तारखेपासून दोन महिने मिळतात, परंतु कर मात्र एका महिन्याच्या आत भरावाच लागतो, आक्षेप प्रलंबित असला तरी. जादा भरलेली रक्कम नंतर परत मिळते, पण तोपर्यंत ती अडकून राहते. वेळेवर न भरल्यास ५ टक्के दंड बसतो आणि त्यानंतरही रक्कम थकली तर दरमहा आणखी १ टक्का वाढू शकतो.

पेठेतला_सीए (५ मार्च २०२५)

मी पुण्यात व्यवसाय करतो, म्हणून निशिगंध ताईंच्या टीडीएसच्या प्रश्नाचे भारताच्या बाजूने उत्तर देतो.

दुहेरी कर टाळण्यासाठीच्या भारत-सिंगापूर करारात तांत्रिक सेवांच्या शुल्कावर १० टक्क्यांपर्यंत कर लावण्याची तरतूद आहे, आणि तुमच्या ग्राहकाने ती पाहूनच कपात केलेली दिसते. परंतु याच करारात 'तांत्रिक सेवा' या संज्ञेला एक अट जोडलेली आहे: सेवेतून तांत्रिक ज्ञान, कौशल्य किंवा प्रक्रिया ग्राहकाच्या हाती अशा रीतीने गेली पाहिजे की पुढे तो ती स्वतःच्या बळावर वापरू शकेल. तुम्ही केवळ सॉफ्टवेअरची देखभाल करून देत असाल आणि पुढच्या वेळी ग्राहकाला पुन्हा तुमच्याकडेच यावे लागत असेल, तर ही अट बहुधा पूर्ण होत नाही. तसे असेल आणि भारतात तुमची कायम आस्थापना (व्यवसायाची कायमची जागा) नसेल, तर या रकमेवर भारतात कर लागायलाच नको होता. मग योग्य मार्ग म्हणजे भारतात विवरणपत्र भरून परतावा मागणे, कारण कराराच्या विरुद्ध कापल्या गेलेल्या कराची वजावट सिंगापूरने द्यावी अशी अपेक्षा करता येत नाही. पुढील बिलांसाठी आयरासकडून मिळणारे निवासी प्रमाणपत्र आणि आपल्या आयकर विभागाचा फॉर्म १०-एफ ग्राहकाकडे आधीच पाठवून ठेवावा.

पुण्यातील कंपनी ३० टक्क्यांची भागधारक आहे म्हणून आणखी एक सावधगिरी सुचवतो. कंपनी सिंगापूरची कर-रहिवासी आहे की नाही हे तिचे नियंत्रण आणि व्यवस्थापन कोठून होते यावर ठरते, आणि त्यासाठी संचालक मंडळाच्या बैठका कोठे होतात व महत्त्वाचे निर्णय कोठे घेतले जातात हे पाहिले जाते. उन्हाळ्यात पुण्याला आल्यावर इथेच बैठक उरकून घेण्याची पद्धत अनेक घरगुती कंपन्यांत असते. ती पडू देऊ नये. प्रत्यक्ष व्यवस्थापनाच्या जागेवरून परदेशी कंपनीला भारतीय रहिवासी ठरवण्याचा आपल्याकडील नियम ५० कोटी रुपये किंवा त्याहून कमी उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागू होत नाही असे २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे, म्हणून त्या बाजूने तुम्हाला चिंता नाही. सिंगापूरच्या बाजूने मात्र ती आहेच.

जाता जाता इथल्या वाचकांसाठी: सिंगापूरचा हा क्रम भारतीय कंपनीला लावू नये. आपल्याकडे कमी दराचे कलम ११५बीएए निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के कर लागतो आणि बहुतेक सवलती सोडाव्या लागतात. कलम ८७ए खालील रिबेट व्यक्तींसाठी आहे, कंपन्यांसाठी नाही. आणि कर वर्ष संपण्याची वाट न पाहता जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना अग्रिम भरावा लागतो.

खतावणी (५ मार्च २०२५)

टीडीएसविषयी सिंगापूरची बाजू पूर्ण करतो. भारताला हा कर लावण्याचा अधिकार करारानुसार असेल तर इथे त्याची वजावट मागता येते, परंतु ती भारतात भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावर सिंगापूरमध्ये बसणारा कर यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच मिळते. भारतातील १० टक्के संपूर्ण बिलावर कापले जातात आणि इथला कर खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नावर बसतो. शिवाय करमाफीमुळे तुमच्या एकूण करपात्र उत्पन्नावरील सरासरी दर रिबेटपूर्वीच ७.२४ टक्क्यांवर आलेला आहे. त्यामुळे कापलेल्या ४,००० डॉलरपैकी बराच भाग या मार्गाने परत मिळणार नाही. ही वजावट मागायची तर छोट्या कंपन्यांसाठीचा सोपा फॉर्म सी-एस भरता येत नाही. पूर्ण फॉर्म सी, हिशेब आणि करगणना जोडून द्यावी लागते. रिबेट मोजला जातो तोही ही वजावट केल्यानंतर उरलेल्या करावर, म्हणजे वजावटीचा अर्धा लाभ रिबेट कमी झाल्यामुळे निघून जातो. एकूण पाहता पुण्याहून सुचवलेला परताव्याचा मार्ग तुमच्यासाठी अधिक लाभदायक दिसतो, अर्थात सेवेचे स्वरूप त्या अटीत बसत असेल तर.

निशिगंध (६ मार्च २०२५)

सर्वांचे आभार. आमचे काम देखभालीचेच आहे, त्यामुळे टीडीएसचा परतावा भारतात मागण्याचे ठरवले आहे. शेवटची एकच शंका आहे. या वर्षी करमाफी आणि रिबेट दोन्ही आहेत, पुढच्या वर्षी नव्या कंपनीची करमाफी नसेल आणि रिबेटचेही निश्चित नाही. मग लॅपटॉपची वजावट याच वर्षी संपवून टाकण्यापेक्षा तीन वर्षांत विभागून घेतली तर अधिक फायदा होईल का?

खतावणी (६ मार्च २०२५)

अवश्य विचारण्यासारखा प्रश्न आहे. संगणकांसाठी एका वर्षाची वजावट ऐच्छिक आहे; तीन समान भागांतही घेता येते. तुमचे उत्पन्न २,००,००० डॉलरच्या वर आहे, म्हणजे वरच्या प्रत्येक डॉलरवर १७ टक्के कर आहे आणि रिबेटमुळे तो ८.५ टक्क्यांवर आलेला आहे. लॅपटॉपचे या वर्षी फक्त ५,६०० डॉलर वजा केले तर करपात्र उत्पन्न ११,२०० ने वाढून २,२८,९०० होईल आणि तुम्हाला या वर्षी ९५२ डॉलर अधिक द्यावे लागतील. पुढील दोन वर्षांत उत्पन्न २,००,००० च्या वर राहिले आणि रिबेट नसला, तर त्याच ११,२०० डॉलरवर १७ टक्क्यांनी १,९०४ डॉलर वाचतील.

परंतु पुढील वर्षांत उत्पन्न २,००,००० च्या खाली आले तर चित्र बदलते. तेव्हा तुम्हाला सर्व कंपन्यांना मिळणारी अंशतः करमाफी लागू असेल: पहिल्या १०,००० डॉलरच्या ७५ टक्के आणि पुढील १,९०,००० डॉलरच्या ५० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १,०२,५००. त्या पट्ट्यात रिबेट नसतानाही प्रत्यक्ष दर ८.५ टक्केच पडतो. म्हणजे वाचतील तेही ९५२ डॉलरच, आणि दोन वर्षे थांबून. त्यात पुन्हा रिबेट जाहीर झाला तर उलट नुकसान होईल. २०२१ ते २०२३ या तीन कर निर्धारण वर्षांत तो नव्हता, २०२४ आणि २०२५ मध्ये ५० टक्के आहे, आणि २०२० मध्ये २५ टक्के होता, तोही १५,००० डॉलरच्या मर्यादेत. या इतिहासावरून पुढच्या अर्थसंकल्पाचा अंदाज बांधणे मला तरी जमणार नाही.

तुमच्याकडे २०२५ साठी मोठी कंत्राटे आधीच हाती असतील आणि उत्पन्न निश्चितपणे २,००,००० च्या पुढे जाणार असेल तर विभागणी करा; अन्यथा एका वर्षात संपवा. इसीआयमध्ये आज २,१७,७०० लिहिले तरी हा निर्णय आजच घ्यावा लागत नाही. अंतिम विवरण ३० नोव्हेंबरपर्यंत द्यायचे आहे आणि तोपर्यंत वर्षाचे अकरा महिने तुमच्या हातात आलेले असतील. तेव्हा विभागणी निवडली तर करपात्र उत्पन्न २,२८,९०० दाखवून फरकाचे ९५२ डॉलर भरावे लागतील, एवढेच.

एका गोष्टीची खातरजमा मात्र आत्ताच करून ठेवा: त्या कायम रहिवासी कर्मचाऱ्याचा सीपीएफ २०२४ मध्ये कंपनीच्याच नावाने भरला गेला आहे ना, हे खात्यात पाहा. रोख अनुदानाची पात्रता आयरास त्याच नोंदींवरून ठरवते.